न्हाणीघरातले काळे ठिपके

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही. पाहुणे येणार म्हटले की आपण बाहेरची खोली आवरतो, पडदे बदलतो, आणि तेच पाहुणे हात धुवायला न्हाणीघराकडे वळले की मनातल्या मनात देवाचे नाव घेतो. कोपऱ्यातले काळे ठिपके, टाइल्सच्या सांध्यांतली काळी रेघ, छतावर उमटलेला कुठल्यातरी अज्ञात देशाचा नकाशा आणि तो कुबट वास. मी राहतो रोह्याला. आमच्या रायगड जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलेवर पांढरी लव येते. त्यामुळे न्हाणीघरातल्या बुरशीकडे आम्ही पावसाइतकेच अटळ म्हणून पाहत आलो.

मी धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस वर्षे रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जी फजिती सांगणार आहे, तिची लाज त्यामुळे दुप्पट होते.

आईला दम्याचा त्रास जुना. काही वर्षांपूर्वी एका जुलैत तो फारच वाढला. सकाळी अंघोळ करून बाहेर आली की तासभर खोकत बसायची. आम्ही म्हणायचो, वय झाले, हवा पावसाळी आहे. एके दिवशी डॉक्टर घरी आले, तिला तपासले आणि हात धुवायला आत गेले. बाहेर येऊन त्यांनी औषधाचे नावच काढले नाही. म्हणाले, "आजी रोज याच न्हाणीघरात अंघोळ करतात का?"

घरातली ओल, बुरशी आणि दमा-खोकला यांचा संबंध आहे हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शक पुस्तिका काढून सांगितले आहे. बुरशीचे बीजाणू श्वासावाटे आत जातात आणि ज्यांच्या श्वासनलिका आधीच नाजूक आहेत त्यांना त्रास देतात. आमचे लक्ष मात्र इतके दिवस भिंत वाईट दिसते एवढ्यावरच होते.

त्याच दुपारी मी कंबर कसली. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून भिंतीला फासली. डाग फिके झाले, पण सांध्यांतले काळे हटेना. मग संडास धुवायची बाटली उचलली आणि तीही त्यावरच ओतली. दार लावून घेतले होते, का, तर वास आईच्या खोलीत जाऊ नये.

त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लीचिंग पावडरवर आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो. एप्रिल १९१५मध्ये बेल्जियममध्ये ईप्रच्या रणभूमीवर जो सोडला होता, तोच हा वायू. कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हाच धडा द्यायचो की, आम्ल आणि ब्लीच एका कपाटातसुद्धा ठेवायचे नाहीत! घशात काटे रुतल्यासारखे झाले, डोळे मिटले गेले, कडी सापडेना. कशीबशी सापडली. ती संध्याकाळ मी दवाखान्यात प्राणवायूचा मास्क लावून काढली. सौ. शेजारी बसून होती, एक शब्द बोलली नाही. ते जास्त लागले.

तेव्हा श्रोतेहो, आज बाकी काही विसरलात तरी चालेल, पण दोन बाटल्या एकत्र करू नका. ब्लीचमध्ये आम्ल नको, व्हिनेगर नको, लिंबू नको, आणि अमोनिया असलेला काच पुसायचा द्रवही नको. चुकून झालेच, तर खिडकी उघडायला किंवा पाणी ओतायला आत थांबू नका. आधी बाहेर पडा. आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा, कारण फुप्फुसांवरचा परिणाम कधी कधी काही तासांनी दिसतो.

गणपतीआधी पेणला ताईकडे एक फेरी ठरलेली. रोह्याहून नागोठणे, वडखळ करत एस.टी. पेणला पोचते. भावोजींचा मूर्तींचा कारखाना आहे. माझा पराक्रम त्यांच्या कानावर गेलाच होता. ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. चहा झाल्यावर मला कारखान्यात घेऊन गेले.

बाहेर धो धो पाऊस, आणि आत फळ्यांवर शाडूच्या मूर्ती वाळत ठेवलेल्या. सहज मनात आले, देशभर गणपती पाठवणारे हे गाव नेमके भर पावसाळ्यात ओली माती वाळवते तरी कसे? भावोजी म्हणाले, "अहो, उन्हाची वाट बघत बसलो तर चतुर्थी निघून जाईल. मातीला वारं पाहिजे." जागोजागी पंखे लावले होते. मूर्ती एकमेकींपासून आणि भिंतीपासून वीतभर दूर, कारण चिकटलेली बाजू ओलीच राहते. मग त्यांनी विचारले, "आतून ओल्या मूर्तीला रंग लावला तर काय होतं?"

"पोपडे येतात," मी म्हणालो.

"मग तुम्ही गेल्या वर्षी न्हाणीघराच्या छताला काय केलंत?"

मी गप्प. छतावरच्या डागांवर मी झकास ऑइलपेंट मारून घेतला होता. दोन महिन्यांत त्याचे पोपडे सुटले आणि त्यांच्या आतून डाग पुन्हा हसत बाहेर आले होते.

बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, ते कुणालाच थांबवता येत नाहीत. साबणाचा आणि अंगाच्या मळाचा पातळ थर त्यांना खायला पुरतो. ऊब कोकणात आहेच. राहते पाणी. पृष्ठभाग एक-दोन दिवस सतत ओला राहिला की बुरशी धरते, आणि अधूनमधून कोरडा होत गेला तर तिचे फावत नाही. आपण मात्र सगळा जोर घासण्यावर देतो आणि वाळवायचे पावसावर सोडतो.

पूर्वी न्हाणी मागीलदारी असायची. कौलांच्या फटींतून वारा खेळायचा, कोपऱ्यात तांब्याचा बंब धगधगत असायचा आणि सांडपाणी केळीच्या आळ्यात जायचे. त्या धगीने न्हाणी रोज आपोआप वाळत असे. भिंतींना चुना असायचा. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी धरत नाही, आणि हवेने तो गुण ओसरतो म्हणून दरवर्षी नवा हात मारत. आपण न्हाणीघर घरात आणले, बंब काढून गिझर लावला, हातभर खिडकीला काच बसवली. सोय झाली हे खरेच. अंधारात मागीलदारी जायला कुणी परत तयार होणार नाही, मीही नाही. पण वाळवण्याचे काम कुणाकडे द्यायचे ते राहून गेले.

आता आम्ही काय केले ते सांगतो. आईला आठवडाभर ताईकडे पाठवले. डाग कोरडे घासले तर बीजाणू घरभर उडतात, म्हणून आधी भिंत ओली केली, नाकाला फडके बांधले, हातमोजे घातले. साबणाच्या पाण्याने टाइल्स ब्रशने धुतल्या. मग बाजारात मिळणारे साधे द्रव ब्लीच, एक कप चार लिटर पाण्यात, तेवढेच लावले. या वेळी दार उघडे! दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन काढले. ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर ताजी घ्या, दमट हवेत उघडी राहिली की तिचा जोर जातो. खाली शहाबादी फरशी असेल तर आम्ल लावूच नका. तो चुनखडीचा दगड आहे, आम्ल त्याला खाते आणि खरखरीत झालेल्या फरशीत घाण जास्त साठते. बादलीच्या कडेला गुलाबी थर येतो, तो बहुधा जिवाणूंचा असतो, बुरशीचा नव्हे. तो साबणाने घासून जातो.

टाइल्सवर हे ठीक. गिलाव्यात मात्र बुरशीचे तंतू आत शिरलेले असतात, ब्लीच वरचा रंग उडवते एवढेच. छताचा सुटलेला गिलावा आम्ही गवंड्याकडून खरवडून घेतला, आणि दिवाळीपर्यंत तसाच उघडा ठेवला. लोक विचारायचे, काम अर्धवट का? पूर्ण वाळल्यावरच नवा गिलावा आणि रंग केला. तुमच्या छतातून वरच्या मजल्याचे पाणी झिरपत असेल तर मात्र यातले काहीही उपयोगाचे नाही. आधी वरच्यांशी गोड बोलून त्यांचा पाइप दुरुस्त करून घ्या.

रोजचे काम अगदी थोडे आहे. शेवटच्या माणसाची अंघोळ झाली की भिंतीवरून आणि फरशीवरून रबरी वायपर फिरवायचा. मग एक्झॉस्ट पंखा अर्धा तास. पंखा हवा बाहेर फेकतो तेवढीच आत यायला वाट हवी, नाहीतर तो नुसताच फिरतो. आमच्या दाराखाली फटच नव्हती, सुताराकडून बोटभर करून घेतली. कुणी म्हणेल, जुलैत बाहेरच्या हवेतच ९० टक्के आर्द्रता, ती आत घेऊन काय होणार? पण अंघोळीनंतरची आतली हवा त्याहून गरम आणि वाफेने भरलेली असते. शिवाय वाहत्या हवेने वाळते ते कोंडलेल्या हवेने वाळत नाही, हे पेणला पाहिलेच होते.

आणखी एक सवय मोडावी लागली. पावसात कपडे न्हाणीघरातल्या दोरीवर टाकायची. मी एकदा पिळलेले कपडे काट्यावर तोलले, सहा किलो भरले. वाळल्यावर चार. ते दोन लिटर पाणी त्या कोंडलेल्या खोलीच्या हवेत आणि भिंतीत गेले होते. आता दोरी पडवीत आहे, पंख्याखाली. दिसायला बरे दिसत नाही, सौ.ची तक्रार आहे.

आईचा दमा गेला असे मी म्हणणार नाही, तो आहेच. पण अंघोळीनंतरचा तो तासभराचा खोकला पुढच्या पावसाळ्यात राहिला नाही. आता ती काठी टेकत न्हाणीघरातून बाहेर येते, खुर्चीत बसते आणि तिथूनच हाक मारते, "वायपर फिरव रे."