नाण्यावरील दुहेरी अक्षरे : ठशाची की ठोक्याची?

(वलगाव येथील केंद्र-संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वलगावावरून जाणारी सडक पुढे अचलपुरास पोहोचते. एलिचपूर या जुन्या नावाने मुघल अमदानीत तेथे टांकसाळ होती. अशा मुलखात नांगराच्या फाळास वा पडक्या घराच्या पायाशी एखादे नाणे लागावे, यात नवल नाही. मुले ते प्रथम गुरुजींना किंवा बाईंना दाखवितात. आपण त्यावर काय सांगतो, यावरच ते नाणे टिकते की मोडीत जाते, हे पुष्कळदा ठरते.

शिवराईचेच उदाहरण घेऊ. एका अंगास ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्र पति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवछत्रपतींच्या १६७४ मधील राज्याभिषेकाशी निगडित आहे. पुढेही ते दीर्घकाळ पाडले जात होते. खालचा ठसा पक्का बसवावयाचा, त्यावर तांब्याची चकती, चकतीवर वरचा ठसा आणि त्यावर हातोड्याचा ठोका, अशी ती घडविण्याची रीत. ठसे हाताने कोरीत. एक झिजला वा तडकला की दुसरा कोरावा लागे. म्हणून कोठे ‘शिव’, कोठे ‘सिव’, कोठे ‘पति’, तर कोठे ‘पती’ आढळते. मुलाच्या शुद्धलेखनावर मारतो तशी त्यावर लाल रेघ मारून नाणे खोटे ठरविणे बरे नव्हे. हे ठशांचे भेद होत.

आता दुहेरी अक्षरांचा प्रश्न. एक ठोका पुरेसा झाला नाही म्हणून दुसरा घातला आणि दरम्यान चकती किंचित फिरली, तर अक्षरावर अक्षर चढते. हा ठोक्याचा दोष. तो त्या एकाच नाण्यापुरता असतो. उलट दोष ठशातच असेल, तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तो त्याच जागी, तसाच उमटतो. तेव्हा एकाच नाण्यावरून निर्णय देऊ नये. जोडीला दुसरे शोधावे. मुलांना पुराव्याची किंमत शिकविण्यास याहून सोपा पाठ मला ठाऊक नाही.

यंत्राने पाडलेल्या नाण्यांत थोडे निराळे आहे. ठसा सैल असून ठोक्याच्या क्षणी हलला, तर अक्षराची कड दबून त्याशेजारी सपाट पायरी दिसते. ठसा तयार करतानाच छाप दोनदा पडली असेल, तर दोन्ही अक्षरे गोलसर व पूर्ण उठावाची असतात, आणि त्यांच्या टोकाशी खाच दिसते. आणखी एक खूण ध्यानात ठेवावी : ठसा तडकला तर नाण्यावर उठावाची रेघ येते; खोलगट ओरखडा मात्र बहुधा नंतरचा.

ठसे मुद्दामही बदलीत. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. १९१२ पासून सोंड स्पष्ट दिसेल असा ठसा करण्यात आला. असा भेद खरा. पण हललेल्या ठोक्याचे नाणे ‘दुर्मिळ, लाखाचे’ म्हणून खपविणारे लोक आज मोबाईलवरून खेड्यापर्यंत पोहोचले आहेत. आपले नाव वापरून जुन्या नाण्यांच्या व्यवहारात शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. पालकांच्या कानी तो अवश्य घालावा.

नाणे चिंचेने वा राखेने घासू नये. चकाकी येते, पण अक्षरांच्या कडा जातात, आणि आपला सारा पुरावा त्या कडांतच असतो. कडेने धरावे, खिडकीशी तिरप्या उजेडात भिंगाखाली पाहावे. वर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरविली की छाप उतरते. जमिनीत पुरलेला ठेवा सापडून त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. ‘कायदा जुना आहे’ ही सबब चालत नाही.

पुढील संमेलनास येताना प्रत्येक शाळेने अशा दोन-तीन छापा आणाव्यात. कागदावर गावाचे नाव, नाणे सापडल्याची जागा व नाण्याचे वजन लिहावे. वजन करण्यास सोनाराचा काटा चालेल. नाणे मात्र त्याच्यापाशी ठेवून येऊ नये.