कंबरदुखी आणि मूळपेशींचे इंजेक्शन : आधी चिकित्सा, मग स्वीकार

(संस्थेच्या आरोग्य मार्गदर्शन कार्यक्रमात केलेले भाषण)



ओझी वाहून, झाडूकाम करून, गिरणीत आणि बांधकामावर राबून आपल्या मागच्या पिढीने आपल्याला शिकविले. त्या कष्टाची खूण म्हणून कंबरदुखी आज घरोघरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगातील सुमारे ६१.९ कोटी लोक या दुखण्याने त्रस्त होते. तीन महिन्यांहून अधिक टिकते ते जुनाट दुखणे. अशा दुखण्यावर 'स्टेम सेल' म्हणजे मूळपेशींचे इंजेक्शन हा रामबाण उपाय आहे, अशा जाहिराती येतात आणि माणसे त्यासाठी दागिने मोडायला तयार होतात. म्हणून हा विषय.

मणक्यांच्या मधे गाद्या असतात. गादीच्या आत मऊ, पाणीदार गर आणि भोवती चिवट कडे असते. वय वाढते तसे गरातील पाणी आटते व गादी झिजते. तिला रक्तपुरवठा जवळजवळ नसल्याने झीज सहजी भरून येत नाही. म्हणून रुग्णाच्या किंवा दात्याच्या अस्थिमज्जेतून मूळपेशी घेऊन, प्रयोगशाळेत वाढवून, सुईने गादीत सोडायच्या. त्या दाह कमी करतील व गर सावरतील, अशी ही कल्पना आहे.

कल्पना चांगली आहे. परंतु कल्पना म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिका व ऑस्ट्रेलियात ४०४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना पेशी, तर काहींना नुसते सलाईन टोचले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा चाचणीचे ठरलेले मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नव्हते. काही रुग्णांत, विशेषतः ज्यांचे दुखणे फार जुने नव्हते त्यांच्यात, वेदना अधिक कमी झाल्याचे दिसले. पण सलाईनच्या गटातही पुष्कळांना आराम पडला होता. म्हणून वेदनेवरच भर देणारी दुसरी मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू करावी लागली. शिवाय गादीत सुई जाते तेथे जंतुसंसर्गाचा धोका असतो, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट. एम.आर.आय. मध्ये गादी झिजलेली दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडलेच, असे नाही. २०१५ च्या एका आढाव्यानुसार, काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांतही दहापैकी सुमारे आठ जणांच्या गाद्या झिजलेल्या आढळतात.

आपल्या देशातील २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मंजूर उपचार सोडले तर मूळपेशींचा वापर फक्त रीतसर चाचणीतच करता येतो. तेव्हा कोणी हे इंजेक्शन सुचविले तर विचारा : ही चाचणी आहे काय? तिचा नोंदणी क्रमांक काय? नीतिमत्ता समितीची मान्यता आहे काय? अपाय झाल्यास भरपाई कोण देणार? आणि प्रयोग असेल तर पैसे कशाचे? विद्यार्थी मित्रांनो, भारतीय चाचण्यांची नोंदवही सर्वांना खुली आहे. ती पाहून आई-वडिलांना समजावून सांगणे हे तुमचे काम आहे.

मग करायचे काय? अंथरुण धरू नये, झेपेल तेवढे चालावे, जाणकाराकडून व्यायाम शिकावा. मात्र पायातील जोर जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप येणे किंवा वजन घटणे अशी लक्षणे दिसल्यास लगेच सरकारी वा मोठे रुग्णालय गाठावे. आपल्याकडे मणक्याचा क्षयही आढळतो आणि वेळीच औषध घेतल्यास तो बरा होतो.

प्रत्यक्ष तथागतांचीही पाठ दुखत असे. पाली ग्रंथांत नोंद आहे, की अशा वेळी त्यांनी आनंदाला उपदेश पुढे चालविण्यास सांगून स्वतः विश्रांती घेतली. चमत्कार केला नाही. कालामांना त्यांनी सांगितले ते हेच, की कोणी मोठा सांगतो म्हणून स्वीकारू नका, तपासून पाहा. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला दिलेला धम्म हा चिकित्सेचा धम्म आहे. विज्ञान उद्या पुरावा देईल तर हा उपचार आपण आनंदाने घेऊ. तोवर घर गहाण टाकून आशा विकत घेऊ नका.

जय भीम! नमो बुद्धाय!