पदवीचे पैसे कोणी दिले?

(बारावी उत्तीर्ण विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर बालाघाट येथे संपादकांनी केलेले भाषण)



संपादकाला भाषणास बोलाविले की तो सीमेवरच बोलणार, असे गृहीत धरून आपण आला असाल. तो विषय आज मी बाजूस ठेवणार आहे. मध्येच तो आपणहून डोकावला तर मात्र माझा नाइलाज आहे. आज मला केवळ एक हिशेब द्यावयाचा आहे. कॉलेज कोणते निवडावे, पैसा कोठून आणावा आणि पदवी हाती आल्यावर तिचे करावयाचे काय, हे प्रश्न येथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी सध्या रात्रीच्या जेवणानंतर निघत असतील. माझ्या घरी ते १९९८ साली निघाले होते.

वारासिवनी तहसिलीतील एका खेड्यात आमच्या पाच एकर धानाच्या बांध्या. घरात मराठी, शाळेत हिंदी. बारावीनंतर माझ्यापुढे दोन वाटा होत्या. जबलपूर हे तेव्हा आमच्या विद्यापीठाचे शहर होते. परंतु बालाघाटहून छोट्या लाईनीने तेथवर जाण्यात अख्खा दिवस मोडे. ती लाईन २०१५ साली बंद झाली आणि आज त्या मार्गावर मोठी गाडी धावते, हे खरे. तथापि मी सांगतो आहे ती गोष्ट छोट्या लाईनीच्या काळातली. उलटपक्षी गोंदिया चाळीस किलोमीटरवर, आणि गोंदियाहून नागपूरची गाडी सरळ. शिवाय नागपूरला मराठीतून शिकता येणार होते. मी नागपूर निवडले व कलाशाखेत नाव घातले.

आपल्या जिल्ह्याला ही वाट नवी नव्हती. १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली व मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले आणि १९२३ साली विद्यापीठ स्थापन झाले. येथला विद्यार्थी तेथे जाई तो आपल्याच प्रांताच्या राजधानीत जाई. 'तू कोणत्या राज्याचा' असे त्याला विचारण्याचे कोणास कारण नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, आणि तोच चाळीस किलोमीटरचा रस्ता परराज्याचा झाला. पाहा, विषय डोकावलाच.

त्याचा अर्थ मला प्रवेशाच्या खिडकीपाशी कळला. आमच्या मंडळाचे प्रव्रजन प्रमाणपत्र हवे, त्यावर तेथील पात्रता प्रमाणपत्र हवे. हे दोन कागद जमविण्यात माझे सात आठवडे गेले. फीची सवलत मागितली तेव्हा महाराष्ट्राच्या अधिवासाचा दाखला मागण्यात आला. मी म्हणालो, "मी मराठी आहे." समोरचे गृहस्थ भले होते, ते म्हणाले, "बाबा रे, भाषेचा रकाना या अर्जात नाही." कर्नाटकातील ८६५ वादग्रस्त गावांतील विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळी तरतूद आहे. ती त्यांनी झगडून मिळविली आणि ती योग्यच आहे. बालाघाटच्या मुलाने मात्र तिच्या भरवशावर नागपूरची गाडी धरू नये.

मराठीच्या बळावर मी मराठी निवडली होती, त्या बळाचीही परीक्षा पहिल्याच महिन्यात झाली. पहिल्या निबंधात मी लिहिले, 'माझी शिक्षा वारासिवनीस झाली.' प्राध्यापकांनी समासात लाल शाईने विचारले होते, 'कोणत्या गुन्ह्याबद्दल?' वर्ग हसला, मीही हसलो, आणि रात्री खोलीवर येऊन शब्दकोश उघडला. तीन वर्षे तो उघडाच राहिला. येथील हिंदी शाळांतून मराठी माध्यमात जाणाऱ्या मुलामुलींनी ही अडचण लहान समजू नये. मात्र तिला भिऊनही जाऊ नये, वर्षभरात ती पुष्कळशी सरते.

आता खर्च. खोलीत तिघे होतो, माझ्या वाट्याला महिना अडीचशे रुपये. खाणावळीचे साडेपाचशे. दहा महिन्यांचे आठ हजार. फी, पुस्तके, प्रवास, कपडे धरून वर्षाला अकरा हजार. त्या वर्षी साध्या धानाचा आधारभूत भाव क्विंटलला ४४० रुपये होता. म्हणजे माझे एक वर्ष म्हणजे पंचवीस क्विंटल धान, आणि तेही सरकारी भाव मिळाला तर. गावातला व्यापारी त्याहून कमी देई. आमच्या बांध्यांत बऱ्या पावसात होणाऱ्या धानाचा जवळजवळ निम्मा भाग मी दरसाल नागपुरात खाऊन टाकीत होतो. बाबांनी कधी बोलून दाखविले नाही. एकदा सुटीत आलो तेव्हा गोठ्यात एकच बैल दिसला. रोवणीला दुसरा शेजाऱ्याचा मागून आणीत.

येथवर जे सांगितले ते मी पूर्वीही सभांतून सांगितले आहे आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. यापुढचे सांगितलेले नाही.

२००१ साली मी बी. ए. झालो. त्याच वर्षी माझी धाकटी बहीण बारावी झाली. तिचे गुण माझ्या बारावीच्या गुणांहून अधिक होते. मला एम. ए. करावयाचे होते. घरात पैसा एकाचाच होता. कोणी वाद घातला नाही, कोणी तिला 'तुला काय वाटते' असे विचारले नाही, मी एम. ए.ला जाणार हे जणू ठरलेलेच होते. बालाघाटचे जटाशंकर त्रिवेदी महाविद्यालय बसच्या अंतरावर होते. घरी राहून तेथे शिकण्यास माझ्या खर्चाच्या चौथाईनेही भागले असते. पण तेथला अर्जदेखील कोणी आणला नाही. मी सुशिक्षित होतो, मी आणावयास हवा होता. मी नागपूरच्या गाडीत बसलो. वर्षभराने एका वृत्तपत्रात मुद्रितशोधकाचे काम मिळाले म्हणून एम. ए. अर्धवट सोडले. ते पंचवीस क्विंटल वाया गेले, आणि त्याच साली तिचे लग्न झाले. खेड्यातील मुलींसाठी मध्य प्रदेश सरकारची 'गाँव की बेटी' योजना, महिना पाचशे रुपये दहा महिन्यांसाठी देणारी, २००५ साली आली. तोवर तिच्या कडेवर मूल होते.

पदवी मला उपयोगी पडली का? पडली. कलाशाखेच्या पदवीला लोक हसतात. परंतु सरकारी निर्णय शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे, जुन्या कागदातून तारीख शोधून काढणे, अन्याय झालेल्या माणसाचा अर्ज त्याच्या भाषेत पण कायद्याच्या शब्दांत लिहिणे, यावर मी वीस वर्षे पोट भरले आणि चळवळही केली. ती निरुपयोगी होती असे मी म्हणणार नाही. ती कोणाच्या वाट्याची होती, एवढेच मी आज आपल्यासमोर सांगतो आहे.

यंदा त्याच बहिणीची धाकटी मुलगी बारावी झाली. मागील महिन्यात आम्ही तिघे हिशेबास बसलो. २०२४-२५ चा साध्या धानाचा आधारभूत भाव २,३०० रुपये; पंचवीस क्विंटलचे ५७,५०० होतात. नागपुरात खोली व खाणावळ मिळून महिना सहा-सात हजारांच्या खाली आम्हांस काही सापडले नाही. दहा महिन्यांचे साठ-सत्तर हजार, फी निराळी. म्हणजे ज्या धानावर मी फी-पुस्तकांसकट राहिलो, त्या धानात आज नुसता निवाराही भागत नाही. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. पण तेथेही अधिवास लागतो. मध्य प्रदेशाची मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे. राज्य मंडळाच्या बारावीत सत्तर टक्के, केंद्रीय मंडळाच्या बारावीत पंच्याऐंशी टक्के गुण असलेल्यांची फी सरकार भरते. मात्र ती कोणत्या संस्थांना लागू आहे हे प्रवेशापूर्वी पाहावे, नंतर नव्हे. भाचीला एकोणऐंशी टक्के आहेत.

मी, अर्थातच, नागपूरच्या बाजूने बोलत होतो. बहिणीने दिनदर्शिकेच्या पाठीवर दोन्हीकडचे आकडे मांडले, बेरीज दोनदा केली आणि मुलीकडे वळून म्हणाली, "मामाचे ऐकू नको, तुला काय शिकायचे ते सांग." पोरीने जबलपूर सांगितले. पालकाच्या सहीसाठी तिने कागद सवयीने माझ्यापुढे ठेवला. मी तो तिच्या आईकडे सरकविला.

मूळ निवासी व उत्पन्नाचा दाखला कोठे आणि कसा काढावा, याचे टिपण बाहेर मेजावर ठेवले आहे. ज्यांना अर्ज भरण्यास मदत हवी असेल त्यांनी सभेनंतर थांबावे. मी आणि माझे दोन सहकारी दिवेलागणीपर्यंत येथेच आहोत.