नाटकाचा डबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि उभे राहून बोलण्याचा प्रसंग म्हणजे फार तर हळदीकुंकवात उखाणा घेण्याचा. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "नाटकाच्या डब्याविषयी तुम्हीच बोला, डबा तुमच्याकडे आहे." तेव्हा नाही म्हणता येईना.

हा डबा काय आहे, ते नव्या सभासदांसाठी सांगते. आपण सव्वीस जणी दरमहा वीस रुपये त्यात टाकतो. वर्षाचे सहा हजार दोनशे चाळीस होतात. त्यातून वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून नाटकाला जायचे, कमी पडले तर ज्याचे त्याने घालायचे, असा रिवाज. डबा बिस्किटांचा आहे, पण त्याला कुलूप लावलेले आहे. आमच्या घरी त्याला कोणी हात लावीत नाही.

आता असे झाले की, २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि आपले जाणे थांबले. तेव्हापासून दर बैठकीत विषय निघतो की, डब्यातल्या पैशांच्या खुर्च्या घ्याव्यात, नाहीतर नरसोबाच्या वाडीची सहल काढावी. सूचना वाईट नाहीत. वाडीला मीही हौसेने जाते. पण नाटकाचा पैसा नाटकालाच राहावा असे माझे म्हणणे आहे, आणि ते का, हे सांगायला मी उभी आहे.

ही इमारत आपण रोज बघत आलो, म्हणून तिचे मोल आपल्या ध्यानात येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी ती बांधली. १९१३ साली काम सुरू झाले आणि १९१५ च्या ऑक्टोबरात पुरे झाले. नाव होते पॅलेस थिएटर. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत 'पॅलेस थेटर' असेच म्हणत. १९५७ साली नाव बदलले हे त्यांच्या गावीच नव्हते. पाठीमागे खासबागेचे कुस्तीचे मैदान. महाराज १९०२ साली विलायतेला गेले असता त्यांनी रोम शहरातले जुने गोल मैदान पाहिले, आणि तसे आपल्या गावात असावे असे त्यांच्या मनात आले, अशी हकीकत सांगतात. एका अंगाला कुस्ती, एका अंगाला नाटक! राजाने पैलवानाची सोय केली तशी गाणाऱ्याचीही केली. आमच्या घरात तर वाटणीच झालेली होती. मामंजी मैदानात आणि सासूबाई थेटरात. येताना दोघे एकत्र येत आणि वाटेत भडंग घेत.

ज्यांचे नाव दिले ते केशवराव भोसले आपल्याच कोल्हापूरचे. जन्म ९ ऑगस्ट १८९०. गरिबी होती, म्हणून अगदी पोरवयात नाटक मंडळीत गेले. देवलांच्या 'शारदा' नाटकात शारदेचे काम करून त्यांनी नाव मिळवले. म्हाताऱ्याशी लग्न लावून देतात त्या पोरीचे दुःख एका मुलाने गाऊन दाखवायचे आणि ते ऐकून लोकांनी रडायचे! त्या वेळी बायकांची कामे पुरुषच करीत. पुढे १९०८ साली हुबळीला त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली. तेव्हा त्यांचे वय अठरासुद्धा पुरे नव्हते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. एका खेळात सोळा हजारांवर रुपये जमले. त्या काळचे सोळा हजार, हे लक्षात घ्या. आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

आपले गाव सिनेमाचेही तितकेच. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर यांनी इथेच 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' काढली. त्यांच्या १९२० सालच्या 'सैरंध्री'त बायकांची कामे बायकांनी केली. त्या दोघींना शेजारपाजारच्या लोकांनी काय काय म्हटले असेल, ते मला कोणी सांगायला नको. साधे बघायला जायचे तर आपल्याला किती ऐकावे लागते! 'प्रभात' कंपनीही १९२९ साली इथेच निघाली आणि 'अयोध्येचा राजा' १९३२ साली इथेच तयार झाला. मराठीतला पहिला बोलपट तो. दुर्गाबाई खोटे त्यात तारामती झाल्या होत्या. पण सिनेमा कुठेही लावला तरी तोच असतो. नाटकाचे तसे नाही.

मी या गावात सून म्हणून आले तेव्हा नाटक पाहिलेले नव्हते. आमच्या खेड्यात जत्रेला तमाशा यायचा, पण तिकडे मुलींनी फिरकायचे नाही. पहिले नाटक सासूबाईंनी दाखवले, 'तो मी नव्हेच'. अत्र्यांचे नाटक, आणि काम प्रभाकर पणशीकरांचे. नाटकातला तो लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. निपाणी म्हणजे आपल्याला शेजारचे गाव, माझी एक आत्या तिथे दिली आहे. नाव बदलून, वेष बदलून बायकांना फसवणारा हा माणूस कोर्टात उभा राहून "तो मी नव्हेच" म्हणतो. एकच नट पाच माणसे होतो आणि रंगमंच फिरतो. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. फसलेली बाई साक्ष द्यायला आली तशी ही मोठ्याने म्हणाली, "सोडू नको गं त्याला!" सगळे हसले. मी मात्र हसले नाही, कारण माझ्याही तोंडाशी तेच आले होते.

घरात टीव्हीवर मालिका बघताना असे होत नाही. मालिका बघता बघता आपण भाजी निवडतो, कुकरच्या शिट्ट्या मोजतो, मध्येच उठून दाराला जातो. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, की तीन तास कोणी आपल्याला 'चहा ठेव' म्हणू शकत नाही. बायांनो, वर्षातून हे तीन तास आपण विकत घेतो, त्यासाठी तो डबा आहे. आणि त्या थेटरात सभागृहाच्या मध्ये कुठे खांब नव्हता, त्यामुळे मागच्या रांगेतल्या स्वस्त तिकिटालाही सारे दिसे. ऐकूही स्वच्छ येई. श्रीमंताच्या पुढच्या खुर्चीत आणि आपल्यात तेवढाच काय तो फरक.

मोठ्या नाटकांचे तिकीट परवडत नसे तेव्हा आम्ही राज्य नाट्य स्पर्धेला जात असू. हौशी मंडळींची नाटके, तिकीट अगदी नावाला. काही नाटके कळत नसत, हे खरे. एकात तर दोन तास दोन माणसे एका बाकावर बसून होती. पण बँकेतला कारकून, शाळेतली बाई, दुकानदार अशी आपल्यासारखीच माणसे दिवसभराची कामे उरकून तालीम करतात आणि उभी राहतात, हे बघूनच धीर येतो. आपल्या मंडळाने पुढल्या वर्षी एकांकिका बसवली ती काय उगाच? स्पर्धेत काम करणारी एक बाई पाहून आपल्यातल्या दोघी-तिघी म्हणाल्या होत्या, "एवढे तर आपल्यालाही येईल." त्या पुढे बसल्या आहेत, नावे घेत नाही. एकीचे संवाद तेव्हा पोळ्या लाटताना पाठ झाले, आणि त्या आठवड्यात घरच्यांनी वेडावाकडा आकार मुकाट्याने खाल्ला.

आग लागली ती ८ ऑगस्टच्या रात्री. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आमच्या गच्चीवरून आभाळ लाल दिसत होते. मी आणि धाकट्या जाऊबाई गर्दीच्या कडेला जाऊन उभ्या राहिलो. रंगमंच, खुर्च्या, छप्पर सारे गेले, दर्शनी भाग तेवढा राहिला. आमच्या शेजारी एक पुरुषमाणूस रडत होता. नाटकात पडदा ओढण्याचे काम करतो, एवढेच त्याने सांगितले. कोणी त्याला पाणी दिले. आम्ही परतलो तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि घरी कोणीही 'इतका वेळ कुठे होतीस' असे विचारले नाही. एरवी नऊच्या प्रयोगाला जायचे म्हटले तर आठ दिवस आधी स्वयंपाकाचा बेत सांगावा लागतो.

इमारत पुन्हा उभी करण्यासाठी सरकारने पैसा जाहीर केला. भिंती बांधण्याचे काम जाणकारांचे. आपण बायकांनी दोन गोष्टी मात्र लेखी कळवायला हव्यात. एक, कोणतेही नाटकगृह बांधा, त्यात तान्ही मुले घेऊन बसायला काचेची एक खोली ठेवा. मूल रडले की आईनेच उठून बाहेर जायचे, ही पद्धत फार झाली. दुसरी, दुपारचे प्रयोग लावायला सवलत द्या. दुपारी दोन ते पाच आपल्याला जमते, रात्री साडेबारा जमत नाही. अर्ज मी लिहून आणला आहे. ऱ्हस्वदीर्घ आमच्या मुलीने तपासले. त्यावर सह्या हव्यात.

आणि डबा. केशवराव भोसलेचे दार बंद असेल तर नाटक बंद करावे असे कुठे आहे? सांगलीत भावे नाट्यमंदिर आहे, एस.टी. आहे. बायकांना अर्धे तिकीट आहे. सकाळी डबे भरून ठेवले तर दुपारचा प्रयोग पाहून दिवे लागायच्या सुमारास निघता येईल. ज्यांना खुर्च्या हव्यात त्यांनी दुसरा डबा काढावा, त्यातही मी वीस रुपये घालीन.

डबा इथे टेबलावर ठेवला आहे. किल्ली अध्यक्षबाईंकडे देते. त्यांनी हात वर करायला सांगून मत घ्यावे, आणि मग चहा आहे.