पळसपापडी आणि दाव्यातला रिकामा रकाना

(नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर नेलेल्या मोर्च्याच्या मुक्कामात, रात्रीच्या जेवणानंतर एका कार्यकर्त्याने केलेले भाषण. बोलले तसेच उतरवून घेतले आहे.)



दिवसभर चालून सगळ्यांचे पाय दुखत आहेत, मॉरिस कॉलेजच्या चौकात अडवून ठेवलं ते वेगळंच. म्हणून फार लांबवत नाही. मले जंतांवर बोलायला सांगितलं आहे. हसू नका. इथं मायबापांच्या मांडीवर झोपलेल्या पोट्ट्यांपैकी कितीजणांच्या पोटात जंत आहेत, ते तपासलं तर हसू येणार नाही.

मी याच शहरात एका औषधशास्त्राच्या कॉलेजात अकरा वर्षं हेल्पर होतो. काम काय, तर काचेची भांडी धुवायची आणि गांडुळं आणायची. ओल्या मातीतून गांडुळं काढायची, मिठाच्या पाण्यात धुवायची, पोरांना द्यायची. पोरं काचेच्या ताटलीत पाच-सहा गांडुळं ठेवत, वरून कुठल्या तरी झाडाचा अर्क ओतत आणि घड्याळ घेऊन बसत. गांडूळ किती मिनिटांत लुळं पडलं, किती मिनिटांत मेलं, ते वहीत लिहायचं. शेजारच्या ताटलीत बाजारातल्या गोळीचं औषध. अर्कानं गोळीच्या बरोबरीनं मारलं की झाला प्रबंध. आतड्यातला गोल जंत बांध्यानं गांडुळासारखा असतो, म्हणून हा प्रयोग. देशभर अशाच ताटल्या मांडतात.

एक दिवस एक पोरगी थैली घेऊन आली. आत पळसपापडी. उन्हाळ्याच्या वाऱ्यात पळसाची चपटी शेंग उडत येते ना, टोकाला एकच बी असलेली, ती. मी म्हटलं, ही तर माझी आजी गुळात द्यायची. तिनं लगेच पेन काढलं. "काका, किती द्यायची?"

मी सांगितलं नाही. लपवलं म्हणून नाही, मलेच माहीत नव्हतं. आजी पोराचं वय बघायची, अंग बघायची, आधी काय खाल्लं ते विचारायची. आणि पोटुशी बाईच्या हाती ते बी पडू द्यायची नाही. आम्ही पोरं म्हणायचो, म्हातारीची अंधश्रद्धा आहे.

नंतर कॉलेजातल्या एका मॅडमनं मले समजावून सांगितलं. पळसाच्या बियांत पॅलासोनिन नावाचं द्रव्य असतं. नावच पळसावरून पडलं आहे. 1960 च्या दशकात आपल्याच देशातल्या संशोधकांनी ते अभ्यासलं, जंतांवर त्याचा मारा होतो हे दाखवलं. पण त्याचं घराणं ऐका. अंगाला लागला की फोड उठवणारा एक किडा असतो, त्या किड्याच्या विषाचं हे द्रव्य जवळचं भाऊबंद आहे. म्हणूनच ते जंताला मारतं, आणि म्हणूनच जास्त झालं तर पोराला ओकाऱ्या, हगवण आणि त्याहून वाईट. उंदरांवरच्या प्रयोगांत या बियांनी गर्भ राहण्यात अडथळा आणलेलाही दिसला आहे. आजी उगाच बी लपवत नव्हती.

आता दोन्ही बाजूंचं बोलतो, कोणाला राग आला तरी चालेल.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, सरकारी गोळी नको, आपली जडीबुटी बरी. हे चूक आहे. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, 10 फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात. एक ते एकोणीस वर्षांच्या पोट्ट्यांना, दोनच्या आतल्याला अर्धी. ती घ्या. पळसाचं बी ताटलीतल्या गांडुळावर चाललं, पण आपल्या पोट्ट्याला किती, किती दिवस, अशक्त पोराला काय, याची नीट तपासणी झालेली नाही. गांडुळाच्या पोटात ना आपल्यासारखं यकृत ना मूत्रपिंड. आजी गेली, तिचा हात गेला. अंदाजानं बी वाटून देणारा म्हणजे आजी नव्हे. आणि गोळी घेतली तरी अंकुशकृमी अनवाणी पायातून पुन्हा शिरतो, रक्त पितो, बाया पांढऱ्या पडतात. चप्पल आणि संडास याला ना जडीबुटी पर्याय आहे ना गोळी.

दुसऱ्या बाजूचं. हजारो प्रबंध गांडुळापाशीच का थांबले? कारण पुढचा रस्ता खर्चाचा आहे. आधी उंदीर, मग मात्रा, मग माणसं, वर्षानुवर्षं. स्वस्त गोळी बाजारात असताना कंपनी त्यावर पैसा कशाला घालेल? पण शेळ्या-मेंढ्यांचं बघा. त्यांच्या पोटातले जंत याच घराण्यातल्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत, आपल्या देशातही. तेव्हा कोणी ना कोणी पुन्हा झाडाकडे वळणार. झाड कुठं आहे? आपल्या जंगलात.

मग हक्क कोणाचा?

केरळात काणी नावाचे आदिवासी आहेत. 1987 मध्ये संशोधक त्यांच्यासोबत अगस्त्य डोंगरात हिंडत होते. हे वाटाडे एक फळ खातात आणि थकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. त्या झाडाचं नाव आरोग्यपच्च. त्यापासून जीवनी नावाचं औषध झालं, 1995 मध्ये ते कंपनीला दिलं गेलं. संस्थेनं मिळालेल्या पैशातला अर्धा वाटा काणींना द्यायचं ठरवलं, 1997 मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला. जगभर वाहवा झाली. पण जंगल वन खात्याचं, त्यामुळे पानं काढायला आडकाठी आली. ज्ञानाचा वाटा मिळाला, पानाला हात लावायची मोकळीक नाही.

आपल्याला पळसाच्या बियांचे पैसे मिळतील असं मी सांगणार नाही. जंतांवर पळस आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे. जैवविविधता कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली आणि ग्रंथात लिहिलेलं ज्ञान वापरणाऱ्याला वाटा देण्यातून सूट मिळाली. वाडवडिलांनी दोन्हीकडे तेच बी ओळखलं, पण लिहिलेलं ते ज्ञान आणि तोंडी ती आजीची गोष्ट. मले हे पटत नाही. पण कायदा आज असा आहे.

आपल्या हातात आहे तो 2006 चा वनहक्क कायदा. गौण वनोपजाची मालकी त्यात आहे, आणि औषधी वनस्पती गौण वनोपजातच मोडतात. त्याशिवाय कलम 3 मध्ये जैवविविधतेवरचा आणि पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क वेगळा लिहिला आहे. सामूहिक दाव्याच्या नमुन्यात त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. मागच्या महिन्यात मी आपल्या गावांच्या दाव्यांच्या प्रती चाळल्या. निस्तार भरलेला, मोहा-तेंदू भरलेला, चराई, मासे भरलेले. हा रकाना मात्र कोरा, किंवा "लागू नाही". कोणी लिहिलं "लागू नाही"? आपणच.

काय लिहायचं? झाड कोणतं, कोणत्या भागात, कोणत्या ऋतूत काढतो, किती पिढ्यांपासून, कशासाठी. कृती आणि मात्रा लिहू नका, ती ग्रामसभेकडे राहू द्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीलाही माझं हेच म्हणणं आहे. ती नोंदवही राज्य मंडळाकडे जाते, आणि त्या मंडळाचं कार्यालय इथंच नागपुरात आहे, लांब नाही. उद्या कोणी थैली घेऊन पापडी गोळा करायला आलं तर हाकलू नका. ग्रामसभेसमोर बसवा. काय तपासणार, निकाल आमच्या भाषेत कधी सांगणार, ते लिहून घ्या. त्या पोरीनं मले विचारलं, पण माझ्या गावाला कोणी विचारलं नाही, आणि तिच्या प्रबंधात काय निघालं ते गावाला आजवर कळलेलं नाही.

दावा आधीच दिला असेल तरी राहिलेला हक्क मागता येतो, कायद्यात शेवटची तारीख नाही. ग्रामसभेचा ठराव लागेल. कोरे नमुने माझ्या थैलीत आहेत, साठ-सत्तर असतील. सकाळी सहाला चहा आहे, त्याआधी ज्या गावांना पाहिजेत त्यांनी घेऊन जा. आणि म्हाताऱ्या बाया गावी राहिल्या असतील तर जाऊन आधी त्यांच्याजवळ बसा, मग लिहा.