शपथपत्रात नसलेला रकाना

विधानसभेचा उमेदवार दारात येतो तो गटार, नळ, रस्ता घेऊन. ही कामं मुख्यतः नगरपालिकेची. आमदाराचं मूळ काम सभागृहात : कायदे करणं, अंदाजपत्रक तपासणं, मंत्र्यांना प्रश्न विचारणं. त्याविषयी तो अवाक्षर काढत नाही आणि आपणही विचारत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २००३ पासून उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण शपथेवर लिहून द्यावं लागतं. घरात सोनं किती, हेही आपल्याला कळतं. धोरणाविषयीच्या मतांना मात्र रकाना नाही.

सभागृहात काय होऊ शकतं? वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७७ साली कायद्याचं रूप दिलं. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. केंद्राला तसा कायदा करायला २००५ उजाडलं.

आमच्या मोहल्ल्यात तर उमेदवार कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडे जातच नाही. भिंत हवीच हो! पण इथल्या पोरी कॉलेजात जातात, म्हातारी माणसं सरकारी दवाखान्यात रांग लावतात. फी आणि दवाखाना हे विषय राज्याच्या अखत्यारीतलेच आहेत.

पुढच्या वेळी उमेदवार आला, की चहा जरूर पाजा. कप खाली ठेवायच्या आत विचारा : मागच्या अधिवेशनातलं कुठलं विधेयक तुम्हाला पटलं नाही, आणि का?