पंपातलं दुसरं नाव

सोयाबीनची सोंगणी आटोपली की चिखली-मेहकरच्या शिवारात थ्रेशर धडधडू लागतात, कुटाराचा धुराळा उडतो आणि दमेकऱ्यांना धाप लागते. ही धूळ साधी नव्हे. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनमधल्या बार्सिलोनात अचानक एखाद्या दिवशी दम्याच्या रुग्णांनी दवाखाने भरून जात. काही माणसं दगावली. कारण निघालं बंदरावर उतरवलं जाणारं सोयाबीन! तिथल्या एका कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. ती बसवली आणि साथ थांबली. थ्रेशरला गाळणी कोण बसवणार? तोंडाला रुमाल बांधा, आणि आपला दम्याचा पंप नीट समजून घ्या.

दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज येते आणि भोवतीचे स्नायू आवळतात. म्हणून जोडपंपात दोन औषधं असतात, एक सूज उतरवणारं स्टेरॉइड, दुसरं नळ्या मोकळ्या करणारं. आपल्याकडे दोन जोड्या बऱ्याच चालतात: बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल आणि फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉल. रोज घेतल्या तर दोन्ही दमा चांगला आवरतात. फरक दुसऱ्या नावात आहे. दोन्हींचा असर बारा तास टिकतो, पण फॉर्मोटेरॉल दोन-तीन मिनिटांत काम सुरू करतं, साल्मेटेरॉलला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. त्यामुळे साल्मेटेरॉलचा पंप सकाळ-संध्याकाळचाच, अचानक धाप लागली तर त्याच्या भरवशावर राहू नका, वेगळा पंप जवळ हवा. फॉर्मोटेरॉलची जोडी मात्र डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर रोजही घेता येते आणि धाप लागल्यावरही. दिवसाला जास्तीत जास्त किती वेळा, हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या.

माझा जीव तुटतो तो नुसत्या साल्ब्युटामॉलच्या, म्हणजे फक्त नळ्या मोकळ्या करणाऱ्या पंपावर वर्षं काढणाऱ्यांसाठी. त्यानं लगेच मोकळं वाटतं, पण आतली सूज तशीच राहते आणि एखाद्या रात्री जिवावर बेतते. जागतिक दमा मार्गदर्शिकेनं २०१९ पासून मोठ्या माणसांना स्टेरॉइडशिवाय नुसता असा पंप देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं आहे. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून आयाबाया लेकरांचा पंप लपवतात. बायांनो, सवय लागत नाही. जोडपंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट छातीत जातं. तोंडात छाले येऊ नयेत म्हणून घेतल्यावर गुळणी करून पाणी थुंकायचं.

पंप घेऊनही बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच गाडी काढा.